गाळलेले पाणी आणि गळणारा नळ

पाणी गाळून वापरणे ही जैन घराची जुनी ओळख आहे. स्वयंपाकघरातील नळाला बांधलेले स्वच्छ पांढरे फडके पाहिले की घर कोणाचे, हे पाहुण्याला विचारावे लागत नाही. गाळण्यावर राहिलेले जीव जिथले पाणी तिथेच परत सोडण्याची, म्हणजे जिवाणीची दक्षताही आपल्या वडीलधाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. मात्र त्याच घराच्या न्हाणीघरात एखादा नळ रात्रंदिवस टपटपत असतो आणि त्याकडे महिनोन् महिने कोणाचे लक्ष जात नाही. गाळण्याविषयी आपण जितके जागरूक, तितकेच गळण्याविषयी उदासीन असतो.

आपल्या मान्यतेनुसार पाणी हे केवळ सूक्ष्म जीवांचे आश्रयस्थान नाही. ते स्वतःच अप्कायिक जीवांचे शरीर आहे. गृहस्थाला पाण्यावाचून प्रपंच चालवता येत नाही, हे आचार्यांनाही मान्य होते. म्हणूनच श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरमण व्रताला स्थान मिळाले. ज्या हिंसेतून कोणाचेही प्रयोजन साधत नाही, तिच्यापासून दूर राहणे हा त्याचा अर्थ. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ ग्रंथात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले असून, पाण्याचा निष्कारण व्यय त्यांतील प्रमादचर्येत मोडतो. स्नानाला लागलेल्या पाण्याने कोणाचे तरी स्नान झाले. गळून गेलेल्या थेंबाने कोणाचेच काही साधले नाही.

थेंबाचा हिशेब करणे सोपे आहे. गळणाऱ्या नळाखाली एक तास भांडे ठेवावे आणि साचलेले पाणी मापाने मोजावे. तासाला पाव लिटर भरले, तर दिवसाला ६ लिटर आणि वर्षाला २,१९० लिटर होतात. म्हणजे गच्चीवरील हजार लिटरच्या दोन टाक्या भरूनही पाणी उरते, आणि हे केवळ एका नळाचे. शिवाय सतत ओल राहिलेल्या जागी शेवाळ आणि बुरशी धरते. त्यांना आपण अनंतकाय मानतो. पुढे ती फरशी घासून काढावी लागते, म्हणजे एका प्रमादातून दुसरी विराधना जन्म घेते. दुकानाच्या किंवा गोदामाच्या भिंतीत मुरलेले पाणी मालालाही सोडत नाही.

दुरुस्तीसाठी प्रथम पाणी कोठून येते, हे पाहावे. पिळाच्या जुन्या पितळी नळात स्पिंडलच्या टोकाशी रबरी वॉशर असतो. नळ बंद केला की तो आतील पितळी बैठकीवर दाबून बसतो आणि पाणी अडते. नळ बंद असतानाही तोंडातून थेंब पडत असतील, तर वॉशर झिजला आहे असे समजावे. अशा वेळी नळ अधिक जोराने आवळण्याची सवय घातक ठरते. त्याने वॉशर चिरतो आणि बैठकही खराब होते. नळ चालू असतानाच मुठीजवळून पाणी झिरपत असेल, तर दोष ग्लँडचा असतो. तेथील नट किंचित आवळून पाहावा. न थांबल्यास आतील पॅकिंग बदलावे. भिंतीजवळच्या सांध्यातून पाणी येत असेल, तर नळ काढून आट्यांवर टेफ्लॉन टेप नव्याने गुंडाळावी. नळ ज्या दिशेने आवळला जातो, त्याच दिशेने टेप गुंडाळावी, म्हणजे बसवताना ती सुटत नाही.

वॉशर बदलताना आधी मेन व्हॉल्व्ह बंद करून नळातील उरलेले पाणी भांड्यात घ्यावे. मोरीच्या जाळीवर फडके टाकावे, म्हणजे स्क्रू हरवत नाही. मूठ काढून पान्याने नळाचा वरचा भाग सोडवावा आणि जुना वॉशर नमुना म्हणून दुकानात न्यावा. बैठकीवरून बोट फिरवून पाहावे. ती खडबडीत लागली, तर नवा वॉशरही टिकणार नाही. तेव्हा प्लंबरला बोलवावे.

अलीकडच्या पाव फेऱ्याच्या नळात वॉशरऐवजी सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. त्यांच्यामध्ये वाळूचा कण किंवा बोअरच्या जड पाण्याचा क्षार अडकला की थेंब सुरू होतो. आतील कार्ट्रिज काढून काही तास लिंबाच्या रसात ठेवावे आणि स्वच्छ धुवावे. तरीही गळती राहिली, तर तेवढाच भाग बदलावा; संपूर्ण नळ फेकण्याचे कारण नाही.

काही गळती कानाला ऐकू येत नाही. फ्लशच्या टाकीत हळदीचे पाणी घालून अर्धा तास फ्लश वापरू नये. भांड्यात पिवळा रंग उतरला, तर तळाच्या व्हॉल्व्हचे रबर निकामी झाले आहे. गच्चीवरील टाकी वरून वाहत असेल, तर फ्लोट व्हॉल्व्हचा गोळा हलवून पाहावा. त्यात पाणी शिरले असेल, तर तो पुरेसा वर येत नाही आणि आवक थांबत नाही. उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर दाब अधिक असतो. टाकीतील पाण्याची पातळी १० मीटर उंच असली की दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब पडतो. त्यामुळे तेथील नळ लवकर झिजतात आणि त्यांची तपासणीही अधिक वेळा करावी लागते.

व्यापारी घराला रोजमेळ शिकवावा लागत नाही. रात्रीची अखेरची शिल्लक तीच सकाळची आरंभीची शिल्लक. पाण्यालाही हाच नियम लावावा. रात्री सारे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवावा. मीटर नसेल, तर पंप बंद असताना टाकीच्या पातळीवर खूण करावी. पहाटे पाणी वापरण्यापूर्वी दोन्ही जुळले पाहिजेत. फरक आढळला, तर घरात कोठेतरी गळती आहे. रोकड जुळली नाही तर आपण दुकान बंद करून घरी जात नाही. मग येथे दुर्लक्ष का करावे?

आषाढ शुद्ध चतुर्दशीपासून चातुर्मास सुरू होतो. त्याआधी घरोघरी सामानाची झाडलोट होते, धान्य निवडून ठेवले जाते. त्याच यादीत घर, दुकान आणि शक्य असल्यास आपल्या उपाश्रयातील नळांची तपासणी जोडावी. मेन व्हॉल्व्ह दर दोन-तीन महिन्यांनी एकदा बंद-चालू करून पाहावा. वर्षानुवर्षे न हललेला व्हॉल्व्ह ऐन वेळी फिरत नाही. घरातील मुलांच्या हाती पाना आणि वॉशर देऊन हे काम शिकवावे. गाळण्याचे फडके धुण्याइतकीच नळाची दुरुस्ती हीही जीवदयेची कृती आहे, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.