विश्लेषण : चार तारखांनी मुंबईला काय शिकवले?

दिनदर्शिकेतील काही तारखा मुंबईकरांच्या मनात कायमच्या कोरल्या गेल्या आहेत. त्या केवळ आठवणीच्या नाहीत. शहराचे कायदे, रस्ते, नाले आणि चौक यांवर त्यांचा ठसा आजही दिसतो. अशा चार तारखांचा हा आढावा.

४ फेब्रुवारी १८९७ : साथरोग कायदा

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी परिसरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. दाटीवाटीच्या चाळी आणि सांडपाण्याचा अपुरा निचरा ही शहराची जुनी दुखणी होती. साथ पसरताच हजारो लोकांनी मुंबई सोडली. त्यानंतर काही महिन्यांतच साथरोग कायदा लागू झाला. प्रवाशांची तपासणी आणि रुग्णांचे विलगीकरण यांचे अधिकार सरकारला मिळाले. करोनाकाळात, मार्च २०२०मध्ये, याच कायद्याचा आधार घेतला गेला. १८९८मध्ये स्थापन झालेल्या सुधार न्यासाने पुढे रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याची आखीव वस्ती वसवली.

१४ एप्रिल १९४४ : गोदीतील स्फोट

व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्याही होत्या. धोकादायक मालाची खूण असलेला लाल बावटा जहाजावर नव्हता. दुपारी आग लागली. चारच्या सुमारास पहिला आणि साधारण अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. शेकडो लोक मृत्युमुखी पडले. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान परत आले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

२६ जुलै २००५ : महापूर

सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्यात केवळ ७३ मिलिमीटर. मिठी नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या, लोकल ठप्प झाल्या. हजारो चाकरमान्यांनी रात्र कार्यालयात, बसमध्ये किंवा अनोळखी घरांत काढली. शहरात चारशेहून अधिक बळी गेले. पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. ही क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याची शिफारस करणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३पासून पालिकेकडे होता. त्याला खरी गती मिळाली ती महापुरानंतर. मिठी नदी विकास प्राधिकरणही त्यानंतरच स्थापन झाले.

२१ नोव्हेंबर १९५५ : फ्लोरा फाउंटनचा गोळीबार

मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी कामगार आणि मध्यमवर्गीय रस्त्यावर उतरले. विधिमंडळाकडे निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार केला. त्यात १५ जणांचा बळी गेला. पुढच्या आंदोलनांत हुतात्म्यांचा आकडा शंभराच्या वर गेला. १ मे १९६० रोजी मुंबई राजधानी असलेले महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. आज त्या जागी हुतात्मा स्मारक आहे आणि परिसराचे नाव हुतात्मा चौक आहे.

समान धागा कोणता?

प्लेगआधी चाळींची दाटी डोळ्यांसमोर होती. स्फोटके आणि कापूस एकत्र ठेवणे धोक्याचे, हे गोदीत कुणाला नव्याने सांगायची गरज नव्हती. पुराआधी १२ वर्षे अहवाल तयार होता. संयुक्त महाराष्ट्राची मागणीही गोळीबारापूर्वी अनेक वर्षे मांडली जात होती. चारही वेळा निर्णय झाला, पण तो माणसे गेल्यानंतर. त्यामुळे या तारखांना पुष्पचक्र वाहताना आणखी एक गोष्ट तपासायला हवी : आज कोणता अहवाल फायलीत पडून आहे?