लंडनच्या पोटातील फ्लीट नदी

पूज्य बाबासाहेबांच्या लंडनमधील विद्यार्थिदशेविषयी वर्गात सांगताना आम्ही ‘ग्रेज इन’चे नाव हमखास घेतो. जेथे त्यांनी बॅरिस्टरीचा अभ्यास केला, त्या संस्थेपासून पूर्वेकडे पायी काही मिनिटांवर फॅरिंग्डन रोड आहे. या रस्त्याच्या पोटातून एक नदी वाहते, हे मात्र आम्हांस फार उशिरा कळले. तिचे नाव फ्लीट. वृत्तपत्रांची पेठ म्हणून गाजलेल्या फ्लीट स्ट्रीटला तिचेच नाव आहे.

उत्तरेकडील हॅम्पस्टेड हीथच्या उंचवट्यावर तिचे दोन ओहोळ उगम पावतात. कॅम्डनजवळ एक होऊन ते किंग्ज क्रॉस, क्लार्कनवेल या भागांतून ब्लॅकफ्रायर्स पुलापाशी टेम्सला मिळतात. मध्ययुगात तिच्या मुखातून होड्या आत येत. काठावर खाटीक आणि कातडी कमावणारे कारागीर होते. नदी नासवल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवणे सोपे आहे. परंतु ते मांस खाणारे, ते जोडे घालणारे आणि शौचकूप नदीवर बांधणारे सारेच शहर होते. १६६६ च्या भीषण आगीनंतर ख्रिस्तोफर रेन व रॉबर्ट हूक यांनी मुखाकडील पात्राचा रुंद कालवा केला. तो गाळाने भरत गेला. मग १७३० च्या दशकात कालव्याचा होबर्नकडील भाग झाकून त्यावर बाजार भरवण्यात आला. टेम्सपर्यंतचा उरलेला भाग १७६० च्या दशकात झाकला गेला.

नदी दिसेनाशी झाली, मैला तसाच वाहत राहिला. १८४६ मध्ये कोंडलेल्या वायूने हे भुयार फुटले. १८६२ मध्ये ते पुन्हा फुटून भुयारी रेल्वेच्या बांधकामात पाणी शिरले.

याच काळात फॅरिंग्डन रोडसाठी नदीकाठची दाट वस्ती पाडण्यात आली. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील फॅगिनचा अड्डा याच परिसरातला. रस्ता झाला, आरोग्य सुधारल्याचे समाधानही शहरास लाभले. पण घरे गेलेल्या गरिबांना बदली घरे देण्याचे बंधन कोणावर नव्हते. ते शेजारच्या, आधीच खच्चून भरलेल्या खोल्यांत शिरले. नदीच्या इतिहासात हे प्रकरण एका ओळीत उरकले जाते, हे आम्हांस खटकते.

पुढे जोसेफ बॅझलगेटच्या भव्य गटारयोजनेने हे पाणी पूर्वेकडे वळवले. तरीही मोठ्या पावसात ते मैल्यासह टेम्समध्ये सांडत असे. ते अडवणारा २५ किलोमीटरचा नवा बोगदा २०२५ मध्ये पूर्णपणे जोडला गेला.

क्लार्कनवेलच्या रे स्ट्रीटवर एका मद्यालयासमोर लोखंडी जाळी आहे. रहदारी थांबल्यावर तेथे कान दिला, तर खालून वाहत्या पाण्याचा आवाज ऐकू येतो.