संकेतस्थळावरील नोंदींवरून विक्री-टप्प्यांचा डॅशबोर्ड : कल्याणमधील फराळ व्यवसायाच्या संदर्भात

प्रस्तावना

दिवाळीपूर्वी दीड-दोन महिने कल्याण-डोंबिवली परिसरातील घरगुती उद्योग परदेशी पाठवावयाच्या फराळाच्या मागण्या स्वीकारू लागतात. एकेकाळी ओळखीतून व दूरध्वनीवर चालणारा हा व्यवहार आता संकेतस्थळावरूनही होतो. संकेतस्थळ पाहणाऱ्यांपैकी किती जण खरेदीपर्यंत पोहोचतात व उरलेले कोठे थांबतात, हे दाखविणाऱ्या मांडणीस विपणनशास्त्रात 'सेल्स फनेल', म्हणजे विक्रीचे नरसाळे, असे म्हणतात. उपमा तशी सदोषच आहे. नरसाळ्यात ओतलेले सर्व तेल बाटलीत उतरते. येथे बहुतेक वरच सांडते. अशा मांडणीचा डॅशबोर्ड कसा तयार करावा आणि तो कोठे दिशाभूल करतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. वाणिज्य व माहिती-तंत्रज्ञान विभागांतील विद्यार्थी-प्रकल्पांसाठी ते उपयुक्त ठरावे.

टप्पे आणि मोजणीचे एकक

गूगल ॲनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीतील नोंदणी सर्वसाधारण वापरकर्त्यांसाठी १ जुलै २०२३ पासून थांबली. नव्या आवृत्तीत ग्राहकाची प्रत्येक कृती 'इव्हेंट' म्हणून नोंदली जाते. आपल्या कामासाठी चार इव्हेंट पुरेसे आहेत : वस्तूचे पान पाहणे, वस्तू कार्टमध्ये टाकणे, पैसे भरण्याची प्रक्रिया सुरू करणे आणि खरेदी. या नोंदी आपोआप होत नाहीत. त्यासाठी संकेतस्थळात तशी योजना करावी लागते.

विवेचनासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका विक्रेत्याच्या संकेतस्थळावर हंगामात २,००० जणांनी फराळाचे पान पाहिले, ४०० जणांनी वस्तू कार्टमध्ये टाकल्या, १६० जणांनी पैसे भरण्यास प्रारंभ केला आणि ६० खरेदी नोंदल्या गेल्या. येथे 'जण' हा शब्द सैलपणे वापरला आहे. कार्यालयातील संगणकावर चकलीचा भाव पाहून रात्री घरी मोबाइलवरून मागणी नोंदविणारी व्यक्ती बहुधा दोन वापरकर्ते म्हणून मोजली जाते. एका टप्प्यावर वापरकर्ते व दुसऱ्यावर सत्रे मोजली, तर टक्केवारीला काहीच अर्थ उरत नाही. संपूर्ण डॅशबोर्डसाठी एकच एकक ठरवून ते शीर्षकातच लिहावे.

शेवटच्या टप्प्याचा प्रश्न

वरील उदाहरणात पैसे भरण्यास प्रारंभ केलेल्यांपैकी ३७.५ टक्केच ग्राहक खरेदी करतात, असे दिसते. विक्रेता साहजिकच असा निष्कर्ष काढील, की पार्सलचा खर्च पाहून ग्राहक माघार घेत आहेत. आणि तो दर उतरवील. फराळासारख्या अल्प नफ्याच्या व्यवसायात हा निर्णय महागात पडू शकतो.

मात्र त्याच्या मागणी-वहीत संकेतस्थळावरून पैसे आलेल्या ७८ मागण्या आहेत, असे समजा. उरलेल्या १८ कोठे गेल्या? ग्राहक यूपीआयच्या ॲपमध्ये जातो, पैसे गेल्याचा संदेश पाहतो आणि मोबाइल बाजूला ठेवतो. आभाराच्या पानावर तो परतत नाही. खरेदीची नोंद त्याच पानावर होत असेल, तर ती राहून जाते. वहीनुसार प्रमाण ४८.७५ टक्के येते. याच्या उलट, आभाराचे पान पुन्हा उघडल्यास एकच खरेदी दोनदा नोंदली जाण्याचा संभव असतो. म्हणून इव्हेंटसोबत व्यवहार क्रमांक पाठविणे आवश्यक आहे. तोच क्रमांक वहीतही असावा, म्हणजे दोन्ही नोंदी जुळविता येतात.

याखेरीज व्हॉट्सॲपवरून ४५ मागण्या आल्या, असे धरू. त्या सरसकट मिळवून १२३ खरेदी झाल्या असे मांडणे चुकीचे होईल, कारण त्यांपैकी किती जणांनी संकेतस्थळ पाहिले होते हे ज्ञात नसते. संकेतस्थळावरील व्हॉट्सॲपच्या कळीसाठी वेगळा इव्हेंट ठेवावा, त्या कळीतून उघडणाऱ्या संदेशात एक ठरावीक खूण घालावी आणि खूण असलेल्या मागण्यांसाठी वेगळा रकाना करावा. विद्यार्थ्यांच्या हाती वही देण्यापूर्वी त्यातील नावे व भ्रमणध्वनी क्रमांक वगळणे हे मार्गदर्शकाचे काम होय.

ठिकाणाच्या रकान्याबाबतही सावधगिरी हवी. मुलगी न्यू जर्सीत असते आणि मागणी कल्याणहून आई नोंदविते. ॲनालिटिक्समध्ये कल्याण दिसते. पार्सल कोठे गेले ते वहीच सांगते.

कालगणना

मागील वर्षाशी तुलना करताना इंग्रजी तारखा कुचकामी ठरतात. लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला होते. दोन्ही वर्षांचा १० ऑक्टोबर समोरासमोर ठेवल्यास एका बाजूस २२ दिवस शिल्लक असतात, तर दुसऱ्या बाजूस ११. म्हणून आलेखाच्या आडव्या अक्षावर तारीख न ठेवता 'लक्ष्मीपूजनास उरलेले दिवस' ठेवावेत. परदेशी पार्सलला प्रवासास लागणारे दिवस लक्षात घेता, मागणी केव्हा ओसरते हेही या अक्षावर स्पष्ट दिसते.

येथे एक तांत्रिक अडचण आहे. विनामूल्य आवृत्तीत टप्प्यांच्या सविस्तर विश्लेषणासाठी लागणारा तपशील मुळात केवळ २ महिने राखला जातो. ही मुदत १४ महिन्यांपर्यंत वाढविता येते. पुसला गेलेला तपशील मात्र नंतर मुदत वाढवून परत मिळत नाही. त्यामुळे हा बदल हंगामातील पहिली मागणी येण्यापूर्वीच करावयास हवा, आणि हंगाम संपताच टप्पानिहाय आकडे स्प्रेडशीटमध्ये उतरवून ठेवावयास हवेत.