पेडण्यात बारा किती वाजता वाजतात?

जानेवारीचा तिसरा आठवडा, सकाळचे पावणेसात. पेडण्याजवळच्या एका तिठ्यावर भाचीला शाळेच्या बसमध्ये, बालरथात, बसवायला मी उभा आहे. पोदेराच्या सायकलीचा भोंगा वळणापलीकडे गेला, टोपलीतल्या पावांचा वास तेवढा मागे राहिला. काजूच्या बागेमागचं आभाळ राखाडी झालंय, पण सूर्याचा पत्ता नाही. बालरथ येतो तो दिवे लावूनच. ‘पावसात पावसामुळे दिवे, थंडीत काळोखामुळे,’ चालक म्हणतो आणि दार ओढून घेतो. त्या दिवशी पेडण्यात सूर्य उगवला सात वाजून पाच-सहा मिनिटांनी. तोवर पोरं अर्ध्या वाटेवर होती.

यात एक गंमत आहे. वर्षातला सगळ्यांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा. त्यानंतर दिवस मोठा होऊ लागतो, हे आपण शाळेत शिकतो. म्हणजे जानेवारीत सूर्य लवकर उगवायला हवा. आपल्याकडे तो तसं करत नाही. २२ डिसेंबरला पेडण्यात सूर्योदय सातला तीन मिनिटं कमी असताना होतो आणि पुढचा महिनाभर तो उशिराच होत जातो. कारण घड्याळाचा दिवस ठाम २४ तासांचा असतो, सूर्याचा नसतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला, त्यामुळे एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंतचा वेळ वर्षभर कमी-जास्त होतो. डिसेंबरअखेर तो २४ तासांपेक्षा सुमारे अर्ध्या मिनिटाने जास्त भरतो. रोज अर्धं मिनिट म्हणजे महिन्याला जवळपास पाव तास माध्यान्ह पुढे सरकतो आणि त्याच्याबरोबर सूर्योदयही. युरोपात जानेवारीत दिवस भराभर वाढतो, म्हणून ही सरक लवकर झाकली जाते. गोव्यात दिवसाची लांबी इतकी हळू बदलते की सरकच वरचढ ठरते.

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते मात्र आधी, हरमलच्या एका शॅकमध्ये. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता. बांबू नुकतेच बांधून झालेले, झावळ्यांचा ओला वास अजून गेलेला नव्हता. शेजारच्या टेबलावरचं इंग्रज जोडपं मायदेशी फोन लावत होतं आणि तिकडे नेमके किती वाजले यावरून त्यांचं आपसांत बिनसलं होतं. शॅकवाला हसून म्हणाला, ‘यांचं दरवर्षीचं आहे. मार्चात एक तास पुढे, ऑक्टोबरात एक तास मागे. मोरजीचे रशियन बरे. त्यांनी हा नाद सोडला.’

शॅकवाल्याची माहिती बरोबर होती, फक्त रशियनांची वाट वाकडी गेली होती. २०११ मध्ये रशियाने घड्याळं फिरवणं बंद केलं, पण उन्हाळ्याची, म्हणजे पुढची वेळ कायम केली. हिवाळ्यात सकाळी काळोख संपेना. लोक वैतागले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये घड्याळं पुन्हा तासभर मागे घेऊन ती तिथेच ठेवण्यात आली. युरोपीय संघाने २०१८ मध्ये लोकांचं मत मागवलं तेव्हा ४६ लाख उत्तरं आली आणि त्यांतल्या ८४ टक्के लोकांना ही वर्षातून दोनदाची कसरत नको होती. २०१९ च्या मार्चमध्ये युरोपीय संसदेने ती बंद करण्याच्या बाजूने मतदानही केलं. पण मग कायम ठेवायची कुठली वेळ, उन्हाळ्याची की हिवाळ्याची, यावर सदस्य देशांचं एकमत झालं नाही.

मुळात त्यांनी हे सुरू का केलं, ते त्यांच्या उजेडाचा हिशेब पाहिल्याशिवाय कळत नाही. लंडनमध्ये घड्याळ हलवलं नाही तर जूनमध्ये सूर्य पावणेचारला उगवतो आणि डिसेंबरात आठनंतर. पहाटे पावणेचारचा उजेड झोपलेल्या माणसांच्या काय कामाचा? तो उचलून संध्याकाळी ठेवावा, ही कल्पना १८९५ मध्ये न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसनने मांडली. हडसनला कीटक गोळा करण्याचा नाद होता आणि कामावरून सुटल्यावर उजेड हवा होता! प्रत्यक्षात हे देशभर आणलं ते जर्मनीने, ३० एप्रिल १९१६ ला, पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवायला.

आता हाच हिशेब पेडण्याचा मांडू. सगळ्यांत लवकरचा सूर्योदय जूनच्या सुरुवातीला, सहा वाजून तीन-चार मिनिटांनी. सगळ्यांत उशिराचा जानेवारीत, सात वाजून पाच-सहा मिनिटांनी. संपूर्ण वर्षात फरक सुमारे एका तासाचा. लंडनमध्ये तो चार तासांहून जास्त. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांतही आपल्याकडे दोन तासांहून कमीच अंतर आहे. जूनमध्ये सहाला गोव्यात गाव उठलेलंच असतं. इथे वाया जाणारा उजेडच नाही. मग उचलून ठेवायचा काय?

शिवाय आपलं घड्याळ आधीच पुढे आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, मिर्झापूरजवळून जाणारी. पेडणे त्याच्या पावणेनऊ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्या डोक्यावर सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी येतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १८ मिनिटांनी, फेब्रुवारीच्या मध्यावर १२ वाजून ४९ मिनिटांनी. बाराला कधीच नाही. जुन्या मापात ही आघाडी जवळजवळ दीड घटिकेची. अर्ध्याहून अधिक तास पुढे केलेलं घड्याळ आपण बारा महिने वापरतो आहोत आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही.

एक योगायोग इथे सांगायलाच हवा. लिस्बन त्यांच्या प्रमाण रेखांशाच्या नऊ अंश पश्चिमेला आहे, त्यामुळे तिथे हिवाळ्यात सरासरी माध्यान्ह १२ वाजून ३७ मिनिटांनी होतो. साडेचारशे वर्षं ज्यांनी गोव्यावर राज्य केलं त्यांच्या राजधानीत आणि इथे, सूर्य आणि घड्याळ यांच्यातलं भांडण दोन मिनिटांच्या फरकाने सारखंच आहे. पण पोर्तुगालला तेवढ्यावर समाधान नव्हतं. १९९२ मध्ये तिथल्या सरकारने युरोपच्या मुख्य भूमीशी व्यवहार सोपे व्हावेत म्हणून घड्याळ आणखी एक तास पुढे नेलं. हिवाळ्यात लिस्बनचा सूर्योदय जवळपास नऊला होऊ लागला, मुलं काळोखात शाळेत जाऊ लागली आणि उन्हाळ्यात रात्री दहा वाजले तरी आभाळ उजळ. १९९६ मध्ये निर्णय मागे घेतला गेला.

आपणही हा प्रयोग केलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, ब्रिटिश हिंदुस्थानातली घड्याळं एक तास पुढे होती. ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. बेळगावात नवी वेळ आणि गोवा पोर्तुगीजांकडे असल्यामुळे इथे तो हुकूम लागू नाही. त्याआधी १ जानेवारी १९०६ ला प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईने तर उघड कुरकुर केली होती. तिथली मुंबई वेळ ३९ मिनिटं मागे होती आणि ती कुठे ना कुठे, अनधिकृतपणे, १९५५ पर्यंत टिकली. लोक हट्टी होते असं म्हणून हे सोडून देता येईल. मला वाटतं, त्यांचं शरीर हट्टी होतं.

कारण शरीराला स्वतःचं घड्याळ आहे. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर सुमारे वीस हजार पेशींचा पुंजका असतो. त्याचा दिवस २४ तासांहून किंचित मोठा आणि सकाळच्या उजेडाने तो रोज जुळवून घ्यावा लागतो. या घड्याळाचे जनुकीय दाते-चाकं उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. भिंतीवरचं घड्याळ हुकमाने फिरतं, हे फिरत नाही. मार्चमध्ये एक तास ओढून घेतला की युरोपात काय होतं, ते स्वीडनच्या नोंदींवरून २००८ मध्ये प्रसिद्ध झालं: त्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराचे झटके सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेले. विजेची बचत म्हणावी, तर अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने २००६ मध्ये ही पद्धत राज्यभर आणली आणि घरगुती वीजवापर सुमारे एक टक्क्याने वाढला. दिवे कमी लागले, एसी जास्त. एप्रिलमध्ये पेडण्यात पावणेआठपर्यंत ऊन ठेवायचं म्हटलं तर आपलंही दुसरं काय होणार?

आपल्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा अभ्यास मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाचा आहे. एकच घड्याळ असल्यामुळे भारतात पूर्वेला सूर्य लवकर मावळतो, पश्चिमेला उशिरा. शाळेची घंटा मात्र सगळीकडे साधारण त्याच सुमाराला होते. उशिरा मावळत्या भागातली मुलं उशिरा झोपतात, पण उठावं तेव्हाच लागतं. सूर्यास्त एका तासाने उशिरा असेल तर मुलांची झोप साधारण अर्ध्या तासाने कमी होते आणि शिक्षणाची वर्षंही घटतात, सरासरी ०.८ वर्ष, असा जगनानींचा निष्कर्ष आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या आपल्या पोरांची पेंग म्हणजे निव्वळ आळस नव्हे.

म्हणून दिल्लीतून वेळेबद्दल काही सूचना आली की गोव्याने कान टवकारायला हवेत. अरुणाचल आणि आसामची तक्रार रास्त आहे. तिथे सूर्य ऑफिस उघडायच्या कितीतरी आधी उगवतो. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ईशान्येसाठी तासभर पुढची वेगळी वेळ सुचवली. तिचा आपल्याला त्रास नाही. पण २०१२ मध्ये सेनगुप्ता आणि आहुजा या संशोधकांनी सगळ्या देशाचंच घड्याळ कायमचं अर्धा तास पुढे करण्याची सूचना केली होती, संध्याकाळची वीज वाचावी म्हणून. कागदावर ती नीटनेटकी आहे, घड्याळ वर्षातून दोनदा फिरवायची कटकटही नाही. तिठ्यावर मात्र ती अशी दिसेल: जानेवारीत सूर्योदय साडेसातनंतर, आणि पावणेसातला मिट्ट काळोख.

देशाच्या घड्याळाचं असं, आणि डिचोलीतल्या लग्नात घड्याळ पाहण्याची तऱ्हाच वेगळी. तिथे एका यजमानाने भटजींना विचारलं, मुहूर्त कॅलेंडरवर छापलेल्या मुंबईच्या सूर्योदयावरून काढला की इथल्या? भटजींनी शांतपणे मोबाइल दाखवला. गाव ‘डिचोली’ निवडलेलं होतं. फरक किरकोळ नाही. डिसेंबरात डिचोलीचा सूर्य मुंबईच्या दहा-अकरा मिनिटं आधी उगवतो आणि जूनमध्ये दोन-तीन मिनिटं नंतर. दिवस सूर्योदयापासून मोजायची ती पद्धत जागेप्रमाणे आपोआप जुळते. तिच्यावर रेल्वे चालणार नाही हे उघड आहे, पण माणसाची झोप चालते.

माझं मत विचाराल तर गोव्यात घड्याळाला हात लावू नये, मार्चात नको आणि ऑक्टोबरातही नको. हलवायचीच तर शाळेची घंटा हलवा. उत्तर भारतात थंडीत शाळांच्या वेळा बदलतात, त्यासाठी कुणी देशाचं घड्याळ फिरवत नाही. आपल्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारी घंटा अर्धा तास उशिरा झाली तर बालरथाचे दिवे बंद राहतील. पालकांच्या ड्यूटीची आणि कदंब बसच्या फेऱ्यांची अडचण येईल, हे मान्य. ती सोडवता येण्याजोगी आहे.

आणि माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आभाळ निरभ्र असेल तर, अंगणात एक सरळ काठी ओळंब्याने उभी करा. त्या दिवसांत सूर्य पेडणे-डिचोलीच्या नेमका डोक्यावरून जातो. बारा वाजता काठीची सावली अजून पश्चिमेला पडलेली दिसेल. ती नाहीशी होईल साडेबारा वाजून गेल्यावर.