मतदार यादीत नसलेला हकदार

रमजान आला की मुस्लिम घरांत एक हिशेब हमखास मांडला जातो. सोने किती, बँकेत किती, दुकानात माल किती, देणे किती. वर्षभर गाठीशी राहिलेली मालमत्ता ठरावीक मर्यादेच्या, म्हणजे निसाबच्या, वर गेली तर तिचा अडीच टक्के भाग जकात म्हणून काढायचा. खैरात मर्जीवर असते, जकात नसते. तो गरिबाचा हक्क आहे आणि देणाऱ्याकडे अमानत म्हणून ठेवलेला आहे, असे मानले जाते. म्हणून धंदा तेजीत असो वा मंदीत, टक्का तोच राहतो.

राष्ट्रांनीही एकदा असा टक्का ठरवला होता. २४ ऑक्टोबर १९७० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला, की श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम गरीब देशांच्या विकासासाठी द्यावी. दशकाच्या मध्यापर्यंत हे व्हावे, अशी अपेक्षा होती. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क अशा मोजक्याच देशांनी शब्द पाळला. जकात बचतीवर असते आणि हा टक्का उत्पन्नावर, त्यामुळे दोन्हींची थेट तुलना होत नाही. पण दिलेला शब्द आणि हाती आलेली तंगी यांचा झगडा दोन्हीकडे सारखाच आहे. हा झगडा निवडणुकीच्या राजकारणात कसा रंगतो, हे ब्रिटनमध्ये चांगले दिसते.

ब्रिटनची मदत नेहमीच निर्मळ होती असे नाही. मलेशियातील पेरगाऊ धरणासाठी दिलेल्या २३.४ कोटी पौंडांचा धागा शस्त्रविक्रीशी जोडलेला निघाला आणि १९९४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ती मदत बेकायदा ठरवली. १९९७ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने मदतीसाठी स्वतंत्र खाते उभे केले. २००२ च्या कायद्याने गरिबी कमी करणे हाच मदतीचा हेतू ठरवला. पुढे २००५ च्या जुलैमध्ये मनगटाला पांढऱ्या पट्ट्या बांधलेले सुमारे दोन लाख लोक एडिंबराच्या रस्त्यांवर उतरले. जगातील गरिबी हा मते मिळवून देणारा विषय होऊ शकतो, हे तेव्हा सर्व पक्षांच्या ध्यानात आले.

हुजूर पक्षाचे तरुण नेते डेव्हिड कॅमरून यांना पक्षाचा रुक्ष चेहरा बदलायचा होता. २००७ पासून त्यांच्या पक्षाचे कार्यकर्ते आणि खासदार रवांडात जाऊन शाळा-दवाखान्यांची कामे करू लागले. त्याच वर्षी कॅमरून रवांडात असताना त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघात पूर आला आणि टीकेची झोड उठली. घरात पाणी शिरले असताना परक्या देशात काय करता, हा सवाल तेव्हा विचारला गेला. पुढची अठरा वर्षे तो नव्या नव्या रूपांत परत येत राहिला.

२०१० च्या निवडणुकीत तिन्ही मोठ्या पक्षांच्या जाहीरनाम्यांत ०.७ टक्क्यांचे वचन होते. तिजोरीत खडखडाट असतानाही २०१३ मध्ये ते पुरे झाले. मात्र टीकाही वाढली. अंतराळात याने पाठवणाऱ्या भारताला ब्रिटिश करदात्याने पैसे का द्यावेत, असे विचारले गेले. सरकारने नोव्हेंबर २०१२ मध्ये भारताची थेट आर्थिक मदत २०१५ पर्यंत बंद करण्याचे जाहीर केले. मार्च २०१५ मध्ये ०.७ टक्क्यांचा कायदाही झाला. त्यात एक फट होती. लक्ष्य चुकले तर मंत्र्यांनी संसदेला कारण सांगायचे, एवढेच त्यात होते, शिक्षा नव्हती.

कोविड आला आणि फट रुंदावली. २०१९ च्या जाहीरनाम्यात हुजूर पक्षाने वचन दिले होते, तरी पुढच्याच वर्षी मदत ०.५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला. मदतीचे स्वतंत्र खातेही परराष्ट्र खात्यात विलीन झाले. त्याच पक्षातले अँड्र्यू मिचेल, माजी पंतप्रधान थेरेसा मे असे लोक विरोधात उभे राहिले. पण जुलै २०२१ मध्ये सरकारने ३३३ विरुद्ध २९८ मतांनी बाजी मारली. येमेनला २०२० मध्ये १६ कोटी पौंड कबूल करणाऱ्या ब्रिटनने २०२१ मध्ये ८.७ कोटींवर हात आखडता घेतला. येमेन तेव्हा दुष्काळाच्या उंबरठ्यावर उभा होता. २०२३ मध्ये तर मदतीच्या एकूण रकमेपैकी चतुर्थांशाहून अधिक पैसा ब्रिटनमध्येच, निर्वासितांच्या राहण्या-खाण्यावर खर्च झाला. आंतरराष्ट्रीय नियमांत ते बसते, पण खेड्यातल्या दवाखान्यापर्यंत त्यातले काही पोहोचत नाही.

२०२४ मध्ये मजूर पक्षाने परिस्थिती सुधारताच ०.७ वर परतण्याचे वचन देऊन निवडणूक जिंकली. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी जाहीर केले, की २०२७ पर्यंत मदत ०.३ टक्क्यांवर येईल आणि तो पैसा संरक्षणाकडे वळेल. संरक्षणाचा नवा आकडा होता राष्ट्रीय उत्पादनाच्या अडीच टक्के. तीन दिवसांनी, रमजानच्या तोंडावर, विकासमंत्री अ‍ॅनेलिस डॉड्स यांनी राजीनामा दिला. उपाशी आणि आजारी माणसांच्या तोंडचा घास आणि औषध यातून काढून घेतले जाईल, असा त्यांच्या पत्राचा आशय होता.

सरकारची बाजूही खोटी नाही. युक्रेनचे युद्ध खरे आहे, वाढलेली वीजबिले खरी आहेत, रुग्णालयांतल्या रांगा खऱ्या आहेत. पण या सगळ्यांमागे मतदार उभा आहे. येमेनच्या आईचे नाव ब्रिटनच्या कुठल्याच मतदार यादीत नाही. कात्री कुठे चालवायची हा प्रश्न येतो, तेव्हा पक्ष कुठलाही असो, ती आधी तिच्याच वाट्यावर चालते. तिच्या बाजूने बोलणारे लोक प्रत्येक पक्षात आहेत. शब्द मोडला तर तो मोडला, हे भर सभागृहात सांगणे त्यांच्या हाती उरते. २०२१ मध्ये मिचेल यांनी आणि २०२५ मध्ये डॉड्स यांनी तेवढे केले.

जकातीच्या हिशेबात बुजुर्ग एक गोष्ट आवर्जून सांगतात. हकदार दारात येऊन उभा राहिला नाही, म्हणून त्याचा हिस्सा आपला होत नाही.