असत् संख्येचे सत् कार्य

दिल्लीत यमुना ओलांडून पूर्वेकडे आले की मयूर विहाराची वस्ती लागते. सहकारी गृहसंस्थांच्या उंच इमारती, गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या आणि जवळूनच खांबांच्या आधाराने जाणारी मेट्रो रेल्वे, असे तिचे रूप आहे. सायंकाळी दिवे लागतात, पाण्याचे पंप सुरू होतात, लिफ्ट वरखाली करू लागतात. अशा वेळी एखाद्या तिसऱ्या मजल्यावरील खोलीत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी उणे एकच्या वर्गमुळाशी झगडत बसलेला असावयाचा. खाली घरघरणारा पंप आणि पुस्तकातील ती चमत्कारिक संख्या यांचा काही संबंध असेल, ही शंकाही त्याच्या मनाला शिवत नाही. वास्तविक त्या पंपाचा हिशेब त्या संख्येवाचून सुटसुटीतपणे मांडताच येत नाही.

मयूर विहाराच्या उत्तरेस गीता कॉलनीत नेताजी सुभाष तंत्रविद्या विद्यापीठाचा पूर्व परिसर आहे. तेथे संगणक व इलेक्ट्रॉनिकी या शाखांचे शिक्षण दिले जाते. अशा शाखांचा गणिताचा अभ्यासक्रम देशभर थोड्याफार फरकाने एकच असतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली त्याचा एक नमुनाही आखून दिला. अवकलन व समाकलन, आव्यूह म्हणजे मॅट्रिक्स, अवकल समीकरणे, सदसत् चलांची फलने, आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांसाठी विशेषकरून संभाव्यता व संख्याशास्त्र, असा तो साधारणतः असतो. यादी भारदस्त आहे खरी. पण विद्यार्थ्यांच्या लेखी हा विषय सुटला की गंगेत घोडे न्हाले! प्रश्नांचे ठराविक साचे पाठ करावयाचे, परीक्षेत ते उतरवावयाचे आणि पुढच्या सत्रात विसरून जावयाचे, हा क्रम फार जणांच्या अंगवळणी पडलेला आहे. २०२१ साली अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीला गणित असलेच पाहिजे ही अट सैल करण्याची गोष्ट निघाली, तेव्हा देशात मोठा वाद माजला. परंतु गणित असावे की नसावे या वादापेक्षा, ते असूनही नसल्यासारखे का होते, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

उणे एकच्या वर्गमुळाचेच उदाहरण घ्यावे. कोणतीही संख्या, धन असो वा ऋण, तिला तिनेच गुणले तर उत्तर धन येते. मग ऋण संख्येला वर्गमूळ कोठून असणार? बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात हेच सांगितले आहे की, ऋण संख्या ही कोणाचाच वर्ग नसल्यामुळे तिला वर्गमूळ नाही. त्यांच्या घराण्याची वंशावळ सांगणारा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे, तेव्हा हा आक्षेप मराठी मुलुखालाही जुनाच म्हणावयाचा. सोळाव्या शतकात इटालीतील गणितज्ञांना घन समीकरणे सोडविताना ही वर्गमुळे वाटेत आडवी आली आणि त्यांनी ती बिचकत बिचकत वापरली. मराठी परिभाषेने या बाबतीत मोठे मार्मिक शब्द योजले. नेहमीच्या संख्या त्या सत्, उणे एकच्या वर्गमुळाच्या पटीतील त्या असत्, आणि दोहोंच्या संयोगाने होणारी ती सदसत् संख्या. आज शाळेत ‘संमिश्र संख्या’ हा शब्द रूढ आहे. पण सदसत् या शब्दातील तत्त्वज्ञानाची छटा त्यात नाही.

असत् म्हटली तरी ही संख्या एक अगदी साधे काम करते. एखादा मनुष्य पूर्वेकडे तोंड करून उभा आहे असे समजावे. उणे एकने गुणणे म्हणजे त्याला ‘पाठीमागे फीर’ असा हुकूम देणे. तो पश्चिमाभिमुख होतो. आता असा कोणता हुकूम आहे की जो दोनदा दिला असता मनुष्य पाठमोरा होईल? उत्तर उघड आहे: काटकोनात वळणे. दोन काटकोन मिळून अर्धे वर्तुळ होते. उणे एकचे वर्गमूळ ते हेच; ती संख्येच्या वेषातील काटकोनाची वळणी आहे. हे चित्र एकदा डोळ्यांसमोर उभे राहिले की तिच्यातील गूढ बरेचसे ओसरते.

आणि वीज तर वळणाचाच खेळ आहे. घरातील २३० व्होल्टचा दाब हा स्थिर नसतो. तो सेकंदात ५० वेळा सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो, शून्यावर उतरतो आणि तितकाच उलट दिशेने जातो. २३० ही त्याची एक प्रकारची सरासरी होय. तारेच्या वेटोळ्यातून असा दाब पाठविला तर प्रवाह त्याच्याबरोबर चालत नाही, तो मागे रेंगाळतो. आणि वेटोळ्याचा स्वतःचा रोध नगण्य असेल तर बरोबर एका काटकोनाने मागे पडतो.

पंपाच्या मोटरीचा रोध ३० ओहम आणि तिच्या वेटोळ्यांमुळे प्रवाहाला होणारा अडथळा ४० ओहम आहे असे, हिशेब सोपा करण्यासाठी, धरावे. भोळा मनुष्य बेरीज ७० करील. पण हे दोन अडथळे एकमेकांशी काटकोनात आहेत. म्हणून एक सत्, दुसरा असत्, आणि त्यांची मिळून होणारी लांबी ५० ओहम. प्रवाह ४.६ अँपिअर. दाब व प्रवाह यांचा गुणाकार १०५८ येतो. पण प्रत्यक्षात खर्ची पडणारी शक्ती मात्र सुमारे ६३५ वॅट. प्रवाहाचा जो असत् भाग आहे तो काही काम करीत नाही, नुसता येरझारा घालतो. तथापि तारेला त्याचेही ओझे वाहावे लागतेच, आणि ती तापते ती खरीखुरी तापते! त्यावर तोड म्हणून मोटरीजवळ योग्य मापाचा कपॅसिटर जोडतात. त्याचा प्रवाह उलट बाजूच्या काटकोनात असतो. दोन असत् भाग परस्परांना खोडतात आणि पुरवठ्याच्या तारेतील प्रवाह २.७६ अँपिअरवर येतो. तारेत उष्णतेच्या रूपाने होणारी नासाडी त्यामुळे जवळजवळ एकतृतीयांशावर उतरते.

ही हिशेबाची रीत अभियंत्यांच्या हाती दिली ती चार्ल्स स्टाइनमेट्झ याने. १८९३ साली शिकागो येथे भरलेल्या विद्युत्-परिषदेत त्याने ती मांडली. त्याआधी जे गणित ज्या-कोज्यांच्या जंगलातून वाट काढीत करावे लागे, ते आता साध्या बेरीज-गुणाकारावर आले.

संगणकाच्या विद्यार्थ्यालाही या संख्येपासून सुटका नाही. फ्रान्समधील फूरिए याने उष्णतेच्या प्रसाराचा विचार करताना, कोणताही तरंग अनेक साध्या तरंगांच्या बेरजेने बनविता येतो, असा सिद्धांत १८२२ च्या ग्रंथात मांडला. आवाज अंकांत साठविणे, चित्र थोडक्या जागेत बसविणे, हे सारे त्याच्यावर उभे आहे. १०२४ नमुन्यांचे असे पृथक्करण सरळ रीतीने करावयाचे तर दहा लाखांहून अधिक गुणाकार लागतात. १९६५ साली कूली आणि टूकी यांनी जी युक्ती प्रसिद्ध केली तिने ते काम पाच हजारांच्या आसपास गुणाकारांत होते. ही युक्ती गाउसच्या १८०५ सालच्या सुमाराच्या टिपणांत पडून होती, हे मागाहून ध्यानात आले.

मग विद्यार्थ्याला हे दिसत का नाही? गणित शिकविणारे एका इमारतीत, वीज शिकविणारे दुसऱ्या इमारतीत, आणि दोघांची गाठ पडते ती फक्त वेळापत्रकात. एक म्हणतो, उपयोग पुढे कळेल. दुसरा म्हणतो, हे तुम्हांला मागे शिकविलेच आहे. हा दुरावा जुना आहे. ऑलिव्हर हेविसाइड या शाळा लवकर सोडलेल्या इंग्रजाने अवकल समीकरणे सोडविण्याची स्वतःची धाडसी रीत काढली, तेव्हा तिला काटेकोर सिद्धता नाही म्हणून रॉयल सोसायटीने त्याच्या लेखाचा पुढील भाग छापण्याचे नाकारले. आज विद्यार्थी लाप्लासच्या नावाने जी रीत शिकतात, तिने हेविसाइडच्या पद्धतीला नंतर सिद्धतेचा आधार दिला.

२०२१ साली पिंपरी-चिंचवड येथे संगणक अभियांत्रिकीची पदवी मराठीतून शिकविण्यास प्रारंभ झाला. तेथे या शब्दांची कसोटी लागेल. केवळ परिभाषा बदलून साचे तेच ठेवले तर विद्यार्थी ते मराठीत पाठ करतील, इतकेच.

दोन वर्ग जवळ आणावयास फार मोठी सामग्री लागत नाही. ज्या आठवड्यात सदसत् संख्या शिकवावयाची त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत, शिक्षकाच्या देखरेखीखाली, ३० ओहमचा रोध आणि ४० ओहमचा अडथळा करणारे वेटोळे एका ओळीत जोडावे, २३० व्होल्टचा पुरवठा द्यावा आणि दाब मोजावा. वेटोळ्याचा स्वतःचा रोध फार थोडा असेल तर रोधावर सुमारे १३८ व्होल्ट भरतील, वेटोळ्यावर १८४. दोहोंची बेरीज ३२२. आणि पुरवठा तर २३० चाच. विद्यार्थी प्रथम मीटर बिघडला म्हणेल, दुसरा मागवील, तोही तेच दाखवील. मग कागद घेऊन तो १३८ आणि १८४ यांचे वर्ग करील, त्यांची बेरीज ५२,९०० भरेल, आणि तिचे वर्गमूळ काढावयास तो बसेल.