खर्ऱ्याची पुडी

गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात खर्ऱ्याचे व्यसन फार आहे. सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला हा खर्रा लोक गालात धरून ठेवतात. सुपारीमुळे गालांची आतील त्वचा हळूहळू ताठर होते. निरोगी तोंडात तीन बोटे उभी मावतात. खर्रा खाणाऱ्यास पुढे घास घेणेही कठीण होते. अशाच तोंडात कर्करोग मूळ धरतो.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये तेथे 'मुक्तिपथ' अभियान सुरू झाले. गावोगावचे स्वयंसेवक खर्ऱ्याची विक्री थांबवण्यासाठी झटतात आणि व्यसनी माणसाला उपचारापर्यंत नेतात. काम सोपे नव्हे. पुडी विकणाराही गावातलाच, क्वचित नात्यातलाही असतो. आणि त्याच्याशी बोलायला त्याच्याच अंगणात जावे लागते.